अंत्युखियाची पंगत

उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाने बायबल वाचायला घेतले, तर 'नव्या करारा'तील पौलाच्या पत्रांपाशी तो हमखास अडखळतो. उर्दू बायबलमध्ये या पत्रांत 'शरीअत' आणि 'फज्ल' हे दोन शब्द पुन्हा पुन्हा समोरासमोर येतात. ईमान आणणारा आता शरीअतीच्या ताब्यात नाही, तो फज्लच्या छायेत आहे, असा पौलाच्या सांगण्याचा आशय. आम्ही उर्दू शाळेत शिकलो आणि आज उर्दू शाळेतच शिकवतो. हा मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा आमची अशी समजूत झाली, की हा गृहस्थ आपल्यावरच टीका करतो आहे. सनावळी आठवली तेव्हा आमचे आम्हालाच हसू आले. पौलाचा मृत्यू इ. स. ६४ ते ६७ च्या सुमाराचा मानतात आणि हिरा गुहेत कुरआनच्या पहिल्या आयती अवतरल्या त्या इ. स. ६१० च्या सुमारास. मधल्या साडेपाच शतकांचा विसर एका शब्दाने पाडला होता.

मराठी बायबल वाचणाऱ्याची अशी फसगत होत नाही. तेथे शरीअतीच्या जागी 'नियमशास्त्र' आणि फज्लच्या जागी 'कृपा' आहे. नियमशास्त्र म्हणजे हजरत मूसा (अ.) यांना मिळालेली तौरात. मूळ हिब्रू शब्द 'तोराह'. त्याचा अर्थ शिकवण, वाट दाखवणे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातील यहुदी विद्वानांनी तोराहचे ग्रीक भाषांतर केले तेव्हा त्यासाठी 'नोमोस', म्हणजे कायदा, हा शब्द घेतला. पौलाने पत्रे ग्रीकमध्ये लिहिली, म्हणून त्यांत नोमोसच आहे. अरबी बायबलात त्याचे 'नामूस' झाले. हा शब्द आपल्याला परका नाही. पहिल्या आयती अवतरल्यानंतर भयभीत झालेल्या प्रेषितांना (स.) हजरत खदीजा (र.) आपले चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे घेऊन गेल्या. वरका ख्रिस्ती झालेले होते. मूसांकडे आला होता तोच हा नामूस, असे ते म्हणाल्याचे सहीह बुखारीत आहे. आपल्या भाष्यकारांनी येथे नामूस म्हणजे हजरत जिब्रील (अ.) असा अर्थ केला, अनेक भाषाभ्यासक या शब्दाचे नाते ग्रीक नोमोसशी जोडतात.

शब्दांची ही गुंतागुंत सांगण्याचे कारण असे, की तिच्या आधारावर दोन सोपी विधाने सर्रास केली जातात. पहिले आपल्याकडच्या बयानांत ऐकू येते : ख्रिस्ती लोकांनी शरीअत टाकून दिली आणि नुसत्या विश्वासावर जन्नत स्वस्त केली. दुसरे ख्रिस्ती प्रचारपत्रकांत वाचायला मिळते : यहुदी आणि मुसलमान यांचा धर्म नियमांचा, आमचा कृपेचा. इतिहास पाहिला तर ही दोन्ही विधाने अर्धवट ठरतात, असे आमचे मत आहे. नियम आणि कृपा यांचा वाद ख्रिस्ती धर्मात जवळजवळ दोन हजार वर्षे चालला. त्यातली विद्वत्तेची भाषा बाजूला केली तर खाली एकच साधा प्रश्न दिसतो : ईश्वराच्या दारात कोणाला येऊ द्यायचे, आणि आत आल्यावर त्याच्याकडून काय मागायचे?

एका पंगतीचा वाद

येशू ख्रिस्त, म्हणजे आपले हजरत ईसा (अ.), तौरात मानणाऱ्या समाजात जन्मले. आपण नियमशास्त्र मोडण्यासाठी आलो नसून ते पूर्ण करण्यासाठी आलो आहोत, असे त्यांनी सांगितल्याची नोंद मत्तयच्या शुभवर्तमानात आहे. कुरआनही त्यांच्याविषयी हेच सांगतो, की त्यांनी तौरातला दुजोरा दिला आणि पूर्वी हराम असलेल्या काही गोष्टी हलाल केल्या. त्यांचे पहिले अनुयायी यहुदीच होते. खतना, शनिवारचा शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध हे सारे त्यांच्या घरात होतेच. त्यामुळे नियम की कृपा असा प्रश्न त्यांच्यापुढे आला नाही.

तो आला अंत्युखिया शहरात. आजचे तुर्कस्तानातले अंताक्या ते हेच. त्या वेळी ते रोमन साम्राज्यातील मोठ्या शहरांपैकी एक होते. येशूच्या अनुयायांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम येथेच मिळाले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात म्हटले आहे. या शहरात यहुदी नसलेले लोकही येशूवर विश्वास ठेवू लागले होते आणि सर्वजण एकत्र जेवत होते. येशूचे पट्टशिष्य पेत्र तेथे आले आणि तेही या पंगतीत बसू लागले. मग जेरुसलेमहून याकोबाकडची काही माणसे आली. याकोब म्हणजे येशूचे बंधू म्हणून ओळखले जाणारे आणि जेरुसलेमच्या मंडळीत ज्यांचा शब्द चालत असे ते. ही माणसे येताच पेत्र पंगतीतून हळूच बाजूला झाले. त्यांचे पाहून इतर यहुदी उठले. पौलाचा जुना सोबती बर्णबाही उठला.

पौल तेथे होता. तो तार्स गावचा, कडक परूशी पंथात वाढलेला यहुदी. एके काळी त्याने येशूच्या अनुयायांचा छळ केला होता आणि दिमिष्कच्या वाटेवर त्याचे मन पालटले होते. त्याने सर्वांसमक्ष पेत्रांना बोल लावला. ही हकीकत त्याने स्वतःच 'गलतीकरांस पत्र' या पत्रात लिहून ठेवली आहे. 'माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो', हा जो सिद्धान्त पुढे जगभर गाजला, तो पौल या पत्रात पंगतीच्या प्रसंगाला लागूनच मांडतो. पंगतीतून कोणी उठून गेले म्हणजे बसलेल्यांना काय वाटते, हे महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच सुमारास, इ. स. ४९ च्या आसपास, जेरुसलेममध्ये सभा भरली. प्रश्न असा होता, की बाहेरून येणाऱ्यांना आधी खतना करून सगळी तौरात पाळायला लावायची काय? निर्णय याकोबानेच सांगितला. खतन्याची सक्ती नको. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले जनावर आणि व्यभिचार एवढे त्यांनी टाळावे. ही यादी वाचताना आपण थबकतो. अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेले, रक्त आणि गळा दाबून मेलेले जनावर हे सूरह माइदामधल्या हराम वस्तूंच्या यादीतही आहे. म्हणजे शरीअत एका झटक्यात टाकून दिली, असे घडलेले नाही. बाहेरून येणाऱ्याच्या खांद्यावर पहिल्याच दिवशी किती ओझे ठेवायचे, यावर तो तोडगा होता.

पौलाची वागणूकही एकमार्गी नव्हती. ग्रीक असलेल्या तीताचा खतना करावा असा दबाव आला, तो त्याने मानला नाही. पण ज्याची आई यहुदी होती त्या तीमथ्याचा खतना त्याने करून घेतला. त्याचा विरोध खतन्याला नव्हता. खतन्याची अट दारावर पहारेकऱ्यासारखी उभी करण्याला होता.

दोन्ही पक्षांचा एकच साक्षीदार

पौलाने आपल्या बाजूने जो साक्षीदार काढला, तो आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे : हजरत इब्राहीम (अ.). 'रोमकरांस पत्रा'त त्याचा युक्तिवाद सनावळीवर उभा आहे. इब्राहीमांनी ईश्वरावर विश्वास ठेवला आणि तोच त्यांच्या बाजूला पुण्य म्हणून जमा झाला, हे तौरातच्या पहिल्या पुस्तकात पंधराव्या अध्यायात येते. खतन्याची आज्ञा येते सतराव्यात. तौरात तर मूसांना त्यानंतर कितीतरी पिढ्यांनी मिळाली. मग इब्राहीम ईश्वराचे झाले ते कशाच्या बळावर?

याकोबाच्या नावाचे पत्रही नव्या करारात आहे आणि त्यातही साक्षीला इब्राहीमच आहेत. पण तेथे प्रसंग वेगळा घेतला आहे : मुलाच्या कुर्बानीचा. बायबलप्रमाणे तो मुलगा इसहाक, आपल्याकडे सर्वसाधारणपणे हजरत इस्माईल (अ.) मानले जातात. मुलाला वेदीवर ठेवले तेव्हाच इब्राहीमांचा विश्वास पुरा झाला, कृतीशिवाय विश्वास निर्जीव आहे, असे हे पत्र बजावते. ही दोन्ही पत्रे चर्चने एकाच ग्रंथात ठेवली. एकाला काढून दुसऱ्याला ठेवले नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सनावळीचा हा युक्तिवाद कुरआनातही आहे, मात्र वेगळ्या हेतूने. सूरह आले-इम्रानमध्ये ग्रंथधारकांना विचारले आहे, की तौरात आणि इंजील इब्राहीमांच्या नंतर उतरल्या असताना तुम्ही त्यांच्यावरून का भांडता? तीन धर्मांचे लोक इब्राहीमांना आपल्याकडे ओढतात. ते मात्र तिन्ही धर्मांच्या नावांच्या आधीचे आहेत.

शाळेपर्यंत नेणारा गुलाम

'गलतीकरांस पत्रा'त पौलाने नियमशास्त्राला एक उपमा दिली आहे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात 'पेडॅगॉजी' हा शब्द आम्ही परीक्षेपुरता पाठ केला होता. त्याचे मूळ येथे भेटले तेव्हा मौज वाटली. पौल म्हणतो, नियमशास्त्र हे आपले 'पायदागोगोस' होते. ग्रीक-रोमन घरांत पायदागोगोस म्हणजे शिक्षक नव्हे. तो घरातला गुलाम असे. मुलाला हात धरून शाळेपर्यंत नेणे, वाटेत वाईट संगतीपासून राखणे, वागणुकीवर नजर ठेवणे, वेळेला कान धरणे हे त्याचे काम. मुलगा वयात आला की हे काम संपे.

ही उपमा दोन्ही अंगांनी वाचता येते. पहारा देणारा गुलाम मुलाला नकोसा वाटतो, हे खरे. पण तो नसता तर मूल शाळेपर्यंत पोहोचले नसते, हेही खरे. पौलाच्या वाचकांनी पहिलेच अंग धरण्याचा धोका होता आणि पौलाला त्याची जाणीव होती. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहायचे काय, असा प्रश्न तो रोमच्या मंडळीला स्वतःच विचारतो आणि तो स्वतःच उडवून लावतो. विश्वासाने आपण नियमशास्त्र रद्द करीत नाही, उलट ते बळकट करतो, असे तो त्याच पत्रात सांगतो. शेवटी तो म्हणतो, की शेजाऱ्यावर प्रीती करणाऱ्याने सगळे नियमशास्त्र पाळल्यासारखेच आहे.

तरीही पहिलेच अंग धरणारा माणूस निघालाच. मार्सियन नावाचा एक श्रीमंत जहाजमालक इ. स. १४० च्या सुमारास रोमला आला. त्याने शिकवायला सुरुवात केली, की कायदा देणारा जुन्या कराराचा देव वेगळा आणि कृपा करणारा येशूचा पिता वेगळा. म्हणून जुना करार टाकून द्यावा. इ. स. १४४ मध्ये रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली मोठी देणगीही परत केली. तौरात ख्रिस्ती बायबलात राहिली ती या निर्णयामुळे. मराठीतही हीच परंपरा आली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'ख्रिस्तपुराणा'चे दोन भाग आहेत. पहिल्यात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आणि दुसऱ्यात येशूचरित्र. पहिले पुराण सोडून दुसरे सांगण्याची सोय त्या ओवीकाराला नव्हती.

आजारी माणूस आणि वैद्य

पाचव्या शतकात वादाचे रूप पालटले. आता यहुदी आणि बिगरयहुदी असा प्रश्न उरला नव्हता. प्रश्न असा झाला, की ईश्वराची आज्ञा पाळण्याचे बळ माणसात आहे काय?

पेलागियस हा ब्रिटनहून रोमला आलेला तपस्वी. रोममधील ख्रिस्ती श्रीमंतांचे ढिले वर्तन पाहून तो अस्वस्थ झाला. ईश्वर अशक्य गोष्टीची आज्ञा देणार नाही. ज्या अर्थी त्याने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याची कुवतही दिली आहे. म्हणून सबबी सांगू नका, असे त्याचे म्हणणे. आदमच्या पापाचा दोष पुढच्या पिढ्यांना लागतो, हेही त्याला मान्य नव्हते. हे वाचताना आपल्याला पेलागियस जवळचा वाटतो. मूल फितरतीवर जन्मते, हजरत आदम (अ.) यांची तौबा कबूल झाली, कोणी कोणाच्या पापाचे ओझे वाहत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकलेले असते.

त्याच्या समोर उभा राहिला संत ऑगस्टीन (३५४–४३०). तो आजच्या अल्जीरियात जन्मला आणि तेथल्याच हिप्पो शहराचा बिशप झाला. त्याच्या 'कन्फेशन्स' या आत्मकथेत एक प्रसंग आहे. सोळाव्या वर्षी मित्रांबरोबर त्याने शेजारच्या बागेतले नाशपाती चोरले. भूक नव्हती, फळे चांगलीही नव्हती. मनाई आहे एवढ्यासाठीच चोरी केली. म्हाताऱ्या मास्तरांनाही पटेल अशी ही गोष्ट आहे. भिंतीवर 'येथे लिहू नये' असे लिहिले, की पोरे तेथेच लिहितात. ऑगस्टीनचे म्हणणे असे, की आज्ञा माणसाला त्याचा आजार दाखवते, पण बरे करीत नाही. आजार कळल्यावर माणूस वैद्याकडे धावतो. कृपा म्हणजे तो वैद्य. आणि वैद्य कशासाठी? तर माणसाने उठून चालावे, म्हणजे आज्ञा पाळावी, यासाठी.

इ. स. ४१८ मध्ये कार्थेजच्या सभेने आणि ४३१ मध्ये इफिसच्या सभेने पेलागियसच्या पक्षाविरुद्ध निकाल दिला. आदमच्या पापाच्या मुद्द्यावर आमचे मन ऑगस्टीनकडे जात नाही, जाणारही नाही. पण एक गोष्ट कबूल करावी लागते. पेलागियसचा धर्म मनाने बळकट असलेल्यांना झेपणारा होता. सात वेळा पडून आठव्यांदा उठणाऱ्या सामान्य माणसाला ऑगस्टीनच्या शिकवणीत अधिक जागा होती.

विटेनबर्ग आणि तुर्क

हजार वर्षांनी ऑगस्टीनच्याच नावाच्या संघातला एक जर्मन संन्यासी रात्रंदिवस स्वतःला तपासत होता. मार्टिन ल्यूथर १५०५ मध्ये मठात गेला. उपास, जागरण, पापांची कबुली यांत त्याने कसूर केली नाही, तरी आपण ईश्वराला पसंत आहोत अशी खात्री त्याला होईना. विटेनबर्गच्या विद्यापीठात 'रोमकरांस पत्र' शिकवता शिकवता त्याला उमगले, की ईश्वराचे न्यायीपण ही माणसाने कमावण्याची वस्तू नाही, ती दिली जाते.

बाहेर बाजारात मात्र ती विकली जात होती. पापांबद्दल भोगायच्या शिक्षेतून सूट देणारी क्षमापत्रे योहान टेट्सेल हा प्रचारक गावोगाव खपवीत होता. त्या पैशातला निम्मा वाटा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला आणि निम्मा आर्चबिशप आल्ब्रेख्टने फुग्गर सावकारांकडून घेतलेले कर्ज फेडण्याला जात असे. ३१ ऑक्टोबर १५१७ ला ल्यूथरने आपले ९५ मुद्दे मांडले आणि पश्चिम युरोपातील चर्च फुटले. गरिबाकडून पैसे घेऊन त्याला मोक्षाची आशा दाखवणे, हा त्याचा आक्षेप कोणत्याही धर्माच्या माणसाला पटेल.

पण याच ल्यूथरची दुसरी बाजू आपण वाचली पाहिजे, कारण ती आपल्याशी संबंधित आहे. १५२९ मध्ये सुलतान सुलेमानच्या फौजा व्हिएन्नाला भिडल्या. पुढच्या वर्षी ल्यूथरने तुर्कांच्या चालीरीतींवरचे एक जुने पुस्तक प्रस्तावना लिहून पुन्हा छापले. मूळ लेखक तुर्कांच्या कैदेत वीस वर्षे काढलेला माणूस होता. प्रस्तावनेत ल्यूथर मान्य करतो, की साधेपणा, शिस्त, उपास आणि प्रार्थना यांत तुर्क हे ख्रिस्ती लोकांपेक्षा, त्यांच्या संन्याशांपेक्षाही, सरस आहेत. मग त्यावरून तो निष्कर्ष काढतो, की चांगले आचरण म्हणजे ख्रिस्ती धर्म नव्हे. तसे असते तर तुर्कच बरे ठरले असते. पोप, यहुदी आणि तुर्क या तिघांना तो कर्मावर भिस्त ठेवणारे म्हणून एकाच रांगेत बसवतो. 'तुमचा धर्म नियमांचा' हे प्रचारपत्रकातले विधान आले ते येथून.

या विधानाचा शेवट काय झाला तेही पाहावे. १५४३ मध्ये ल्यूथरने यहुदींविरुद्ध एक जहरी पुस्तक लिहिले. त्यात त्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्याचा, घरे पाडण्याचा सल्ला आहे. कृपेचा सिद्धान्त सांगणाऱ्याने नियमशास्त्र पाळणाऱ्या माणसांवर कृपा ठेवली नाही. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन चर्चने १९९४ मध्ये या लिखाणाशी आपला संबंध जाहीरपणे तोडला.

नियमाचे काय करायचे, हा प्रश्न खुद्द ल्यूथरलाही सुटला नाही. त्याचा सहकारी योहान आग्रिकोला म्हणू लागला, की ख्रिस्ती माणसाला आता नियमशास्त्र शिकवण्याची गरजच नाही. १५३७ पासून ल्यूथर त्याच्याविरुद्ध उभा राहिला. त्याआधी सॅक्सनीतल्या गावांची पाहणी केली तेव्हा लोकांना धर्माचे प्राथमिक ज्ञानही नाही, हे त्याला आढळले होते. म्हणून १५२९ मध्ये मुलांसाठी त्याने छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. तिचा पहिला धडा आहे दहा आज्ञांचा. शिक्षकाची भूमिका घ्यावी लागली, की पायदागोगोसला परत बोलवावे लागते.

कॅथलिक पक्षाने ट्रेंटच्या परिषदेत १५४७ मध्ये उत्तर दिले. त्यातले पहिलेच कलम असे, की कृपेवाचून केवळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरू शकतो असे म्हणणे चूक आहे. म्हणजे येथे दोन्ही पक्ष एक होते. भांडण होते ते कृपेनंतर माणसाच्या प्रयत्नाला किती मोल द्यायचे, याचे. त्या भांडणात आणि त्याला चिकटलेल्या राजकारणात युरोपने शंभर वर्षांहून अधिक काळ रक्त सांडले. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्ग येथे कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन वर्ल्ड फेडरेशन यांनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस आपल्या पुण्याईने नव्हे तर कृपेने स्वीकारला जातो आणि ती कृपाच त्याला सत्कर्माला लावते, असा तिचा सारांश आहे. पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड चर्चेसही तिच्यात सामील झाली.

आधी सुटका, मग तौरात

ख्रिस्ती विद्वानांनी आपल्याच घरातील एक चूक अलीकडे दुरुस्त केली, तिचाही उल्लेख केला पाहिजे. १९७७ मध्ये ई. पी. सँडर्स यांचे पौल आणि पॅलेस्टाइनमधील यहुदी धर्म यांवरचे पुस्तक आले. त्यांनी जुनी यहुदी साधने तपासून दाखवले, की यहुदी लोक नियम पाळून ईश्वराची मर्जी विकत घेत होते, हे चित्र खरे नाही. त्यांच्या समजुतीत कृपा पहिली आहे. ईश्वराने आधी निवडले, करार केला. त्या नात्यात राहण्यासाठी नियम आले.

ही गोष्ट आपल्याला मूसांच्या कथेतून आधीच ठाऊक असायला हवी होती. फिरऔनच्या तावडीतून बनी इस्राईलची सुटका झाली, समुद्र दुभंगला, त्यानंतर तूर पर्वतावर तौरात मिळाली. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असा क्रम नाही. सुटलेल्या माणसांनी पुन्हा गुलामासारखे जगू नये म्हणून आज्ञा आल्या.

कोकणातल्या आपल्या लोकांनी याचा जिवंत दाखला पाहिलेला आहे. रायगडच्या गावांत तेल गाळणारे बेने इस्राएल शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. शतकानुशतके इतर यहुदींपासून दूर राहून, मराठी बोलून, त्यांनी शब्बाथ, खतना आणि खाण्याचे नियम टिकवले. १९४८ नंतर त्यांतले बहुतेक इस्राएलला गेले. त्या बंद घाण्याकडे पाहून 'हा कोरडा कायदा' असे कोण म्हणेल? त्या नियमानेच त्यांना ते कोण आहेत याचा विसर पडू दिला नाही.

आणि आपले काय? कोणीही केवळ आपल्या कर्माच्या जोरावर जन्नतीत जाणार नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितले, तुम्हीही नाही काय, असे विचारल्यावर, अल्लाहच्या रहमतीने झाकल्याशिवाय मीही नाही, असे उत्तर दिले. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तरीही ख्रिस्ती कृपा आणि आपली रहमत एकच, असे म्हणून आम्ही हा लेख गोड करणार नाही. त्यांची कृपा येशूंच्या क्रुसावरील मरणाशी बांधलेली आहे आणि ते आपण मानत नाही. हा फरक खरा आहे आणि तो तसाच मान्य करून शेजारी म्हणून राहता येते. पण नियम तेवढा आपल्याकडे आणि दया तेवढी त्यांच्याकडे, ही वाटणी दोघांनीही सोडून द्यावी. शिवाय पौलाने पेत्रांना विचारलेला प्रश्न आपल्यालाही लागू आहे. आपल्या मोहल्ल्यात नमाजला नव्याने येऊ लागलेल्या पोराची आधी पँट, टोपी आणि दाढी तपासली जाते, तेव्हा त्याला त्या दारातून काय दिसत असेल?

शेवटी पुन्हा अंत्युखियाकडे जाऊ. सूरह यासीनमध्ये एका वस्तीची कथा आहे. तेथे आधी दोन आणि मग त्यांच्या मदतीला तिसरा असे तीन प्रेषित पाठवले गेले आणि लोकांनी त्यांना खोटे ठरवले. अनेक भाष्यकारांनी ही वस्ती म्हणजे अंताकिया मानली, काहींनी त्या तिघांना ईसांचे हवारी म्हटले. इब्ने कसीर यांनी या मतावर शंका घेतली आहे. अंताक्यात हबीब नज्जार यांच्या नावाची जुनी मशीद आहे. ६ फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपात ती मशीद, तेथील ऑर्थोडॉक्स चर्च आणि यहुदींचे सिनेगॉग, तिन्हींची पडझड झाली.

हबीब नज्जार हे नाव भाष्यकार ज्याला देतात, तो शहराच्या दूरच्या टोकाकडून धावत आला आणि प्रेषितांचे ऐका म्हणून लोकांना विनवू लागला. लोकांनी त्याला ठार मारल्याचे भाष्यकार सांगतात. त्याला जन्नतीत प्रवेश कर असे सांगण्यात आले. तेव्हा तो आपल्या धावण्याविषयी किंवा मरण्याविषयी काही बोलला नाही. माझ्या रबने मला कशी माफी दिली आणि मानाने बसवले, हे माझ्या लोकांना कळले असते तर किती बरे झाले असते, एवढेच तो म्हणाला. जुमेरातच्या रात्री आपल्या घरांतून ही सूरह वाचली जाते. पुढच्या वेळी या आयतीपाशी क्षणभर थांबावे, असे आम्हाला वाटते.